भूत असताना टीव्ही बंद करू नये

आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात एक कडक नियम होता. पडद्यावर भूत असताना टीव्ही बंद करायचा नाही. दारात पाहुणे आले, दूध उतू गेलं, तरी आधी जाहिरात लागू द्यायची. साबणाची नाहीतर चहाची जाहिरात लागली की भूत आपल्या जागी परत गेलं असं समजायचं आणि मगच बटण दाबायचं.

मी नवा होतो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या आईचा फोन आला, आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी हात लांब करून टीव्ही बंद केला. बाईंनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता ती कुठी जाईन?"

"कोण?"

"ती पांढऱ्या साडीवाली. तुमी तिले अर्ध्यातच बंद केलं. आता ती इथीच राह्यली ना जी."

मी घाईघाईने टीव्ही पुन्हा लावला, पण तोवर तो भाग संपून बातम्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला ती बया पडद्यावर सुखरूप दिसेपर्यंत बाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मधल्या काळात घरात जे जे सांडलं, फुटलं आणि करपलं, ते सगळं माझ्या खात्यावर गेलं.

मी तेव्हा चंद्रपूरजवळच्या थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामावर होतो. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून ऊर्जानगर वसाहतीच्या फाटकाबाहेरच्या वस्तीत बाईंच्या अंगणातली मागची खोली भाड्याने घेतली. पुढच्या घरात बाई आणि त्यांचे यजमान राहत. त्यांना सगळी वस्ती भाऊ म्हणे. भाऊ थर्मलमधूनच निवृत्त झालेले. आयुष्यभर मशिनींच्या आवाजात काम केल्यामुळे त्यांची बोलायची सवय गेली होती आणि जेवढी उरली होती तेवढी बाई वापरू देत नसत. मी सांगलीकडचा, पण बाईंच्या भूगोलात नागपूरच्या पलीकडे सगळं पुणंच होतं. मी त्यांचा 'पुण्याचे साहेब'. साहेब हा शब्द त्या अशा काही उच्चारत की आपली नोकरी कच्ची आहे असं वाटू लागे.

बाई उंच, हाडापेराने मोठ्या. सकाळी उठल्या की अंगणातल्या तुळशीवर पडलेली थर्मलची राख ओल्या फडक्याने पुसत, एकेक पान धरून. दुसरी त्यांची सवय म्हणजे घरातून कोणालाही उपाशी जाऊ न देणं. कंपनीची बस फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत असली तरी हातावर निदान भाकरीचा तुकडा ठेवल्याशिवाय मला बाहेर पाऊल टाकता येत नसे. "जाणाऱ्याले जेवू घालून धाडावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांच्या आईचं होतं म्हणे. बसमधले सगळे मला घास चावतानाच ओळखत.

आता त्या मालिकेविषयी सांगायला हवं. एका मोठ्या घरातल्या सुनेला कोणीतरी विहिरीत ढकलतं. ती मरते, पण मागे राहिलेल्या लहान मुलीसाठी पांढरी साडी नेसून रोज परत येते. बस, एवढीच गोष्ट. ती कित्येक वर्षं चालू होती. त्या काळात मुलगी मात्र एका इंचानेही वाढली नव्हती, पण बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांची तक्रार भुताच्या कामाबद्दल होती. त्यांचं माहेर ब्रह्मपुरीकडच्या एका तलावाकाठच्या गावात. वडील तलावात जाळं टाकणारे. भूत कसं असतं हे बाईंना कोण्या मालिकेने शिकवायची गरज नव्हती. "पाय पाहा हिचे," त्या म्हणत. "सरळ हायेत. भुताचे पाय असे राह्यते का? नोकरीवर नवीन लागलेली दिसते." आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की, एवढी वर्षं झाली तरी त्या घरातल्या एकाही माणसाने तिच्यासाठी घासभर भात बाहेर ठेवला नाही. मग बाईच अमावस्येला टीव्हीमागच्या खिडकीत भाताची मूठ ठेवू लागल्या. सकाळी खिडकी रिकामी असे. भाऊ एवढंच म्हणत, की यंदा चिमण्या चांगल्या पोसल्या.

या सगळ्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मी हसतही असे. पण बाईंना एक धाकटी बहीण होती. ते प्रकरण कळलं तेव्हा मी जरा जपून हसू लागलो.

धाकटी भामरागडला दिलेली. तिचं नाव घरात कोणी घेत नसे. 'भामरागडवाली' म्हणत, तेही बाई घरात नसताना. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि त्याला कारण होता एक कावळा.

झालं होतं असं. त्यांच्या आईच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता मान वाकडी करून पाहत राहिला. कोणी म्हणालं, म्हातारीचा जीव बकऱ्यांत अडकला असेल. बाईंनी हात जोडून बकऱ्या सांभाळायचा शब्द दिला. कोणी नातवाच्या लग्नाचं कबूल केलं. कावळा ढिम्म. तेव्हा धाकटीने पदराची गाठ सोडली, त्यातून आईच्या आवडीचा एक सुका झिंगा काढला आणि सरळ पिंडाला टेकवून ठेवला. दहाव्याच्या पानावर मासोळी. लोक ओरडेपर्यंत कावळा खाली आला, झिंगा उचलला आणि उडून गेला.

धाकटी म्हणाली, शिवला. बाई म्हणाल्या, शिवला नाही, पिंडाला चोच लागलीच नाही, झिंगाच नेला. बाईंनी हट्टाने दर्भाचा कावळा करायला लावून पिंडाला शिववला, आणि धाकटीचा अपमान झाला. "तुह्यामुळे आई अडकली," असं बाई चारचौघांत बोलल्या. त्यावर धाकटी म्हणाली होती, "तू तिले उपाशी धाडत होती, बाई. मी जेवू घालून धाडलं." त्या दिवसापासून दोघींचं तोंड बंद. मला हे भाऊंनी सांगितलं, अंगणात, बाई दळणाला गेल्या होत्या तेव्हा. सांगून झाल्यावर म्हणाले, की धाकटीचं ते वाक्य हिला रोज टोचतं, कारण ते हिचंच आहे.

मग बोलणं सुरू कसं झालं? त्या मालिकेमुळेच. सुनेला विहिरीत कोणी ढकललं हे कळायचा दिवस होता आणि नेमकी वादळाने वस्तीतली तार तुटली. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी कोणाला विचारायची सोय नव्हती, सगळ्यांच्याच घरी अंधार होता. बाई दिवसभर भांडी आपटत राहिल्या. शेवटी भाऊ सहज बोलल्यासारखं म्हणाले, की भामरागडला लाईट होती म्हणतात. भाऊ मेहुणीची खुशाली गुपचूप विचारत असत हे तेव्हा बाहेर आलं, पण बाईंना त्यावर भांडायला वेळ नव्हता. भाऊंनी फोन लावला. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"विचारा तिले, कोणी ढकललं."

भाऊंनी विचारलं, ऐकलं आणि सांगितलं, "दिरानं, म्हणते."

"मले वाटलंच होतं, सांगा तिले."

"तिलेही वाटलंच होतं, म्हणते."

काही दिवस भाऊ असे मधल्यामध्ये निरोप्याचं काम करत राहिले. मग त्यांना कंटाळा आला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पाटावर ठेवला आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून रोज मालिका संपली की फोन येई. बोलायचं ते फक्त मालिकेवर. कशी आहेस, जेवलीस का, पोरं काय करतात, यातलं अवाक्षर नाही. बोलण्याच्या ओघात तसलं काही यायला लागलं की दोघीही खोकत.

पण माणसाला काही ना काही सांगायचं असतंच. एकदा धाकटी म्हणाली, मालिकेतल्या सासूचे गुडघे फार दुखू लागलेत, तिला खाली बसवत नाही. मी तो भाग बाईंच्या शेजारी बसून पाहिला होता. त्यातली सासू सुनेच्या भुतामागे झाडू घेऊन गच्चीचा जिना दोनदोन पायऱ्यांनी चढली होती. मी तोंड उघडलं, तर बाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"सासूनं दवाखान्यात दाखवलं का?"

"नाई दाखवलं. पावसाच्या आधी कोण जाते तिकडं."

बाईंनी चंद्रपूरहून मालिशच्या तेलाची बाटली आणवली आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती भामरागडला धाडली. काही दिवसांनी फोनवर कळलं, की सासू आता जिना चढू लागली. बाई समाधानाने म्हणाल्या, की लेखकाला अक्कल आली. पुढे बाईंना ताप आला तेव्हा मालिकेतल्या विहिरीवरची मोलकरीण आजारी पडली. मी ती मोलकरीण कधीच पाहिली नाही, पण तिच्यासाठी भामरागडहून मोहाची फुलं आली.

अशा रीतीने दोघींचं बरं चाललं होतं, आणि मालिका संपली.

शेवटचा भाग ऐन पावसाळ्यात आला. भामरागडला नद्यांना पूर, पुलावरून पाणी, रस्ता बंद आणि लाईटही गेलेली. धाकटीचा फोन एका दुकानातल्या सोलरच्या प्लेटवर चार्ज व्हायचा, तो लागला तर लागला. आमच्याकडे मात्र सगळं ठाकठीक. बाईंनी केस विंचरले, टीव्हीवरचं लिंबू-मिरची बदललं, आणि आम्ही तिघं ओळीने बसलो. दिराला पोलिसांनी नेलं. लहान मुलीने विहिरीच्या काठावर दिवा लावला. पांढरा उजेड पडला, पांढऱ्या साडीवालीने हसून हात हलवला आणि ती ढगांत निघून गेली. सगळं कुटुंब वर बघून रडत-हसत उभं राहिलं. समाप्त.

जाहिरात लागली. नियमाप्रमाणे मी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "ती गेली नाई."

"गेली की. ढगात गेली."

"अशी कशी जाईन? दहावा कुठी हाये? तेरवी कुठी हाये? कोणाच्या पोटात तिच्या नावाचा घास नाई, अन् हात हालवून निघाली म्हणते. ते काय बस स्टँड होय का जी?"

त्यांनी केबलवाल्याला फोन लावला. तो बिचारा शेवटच्या भागाला जबाबदार नव्हता, पण त्याने अर्धा तास ऐकून घेतलं आणि वर कळवतो असं वचन दिलं. मला आयुष्यात फार थोडी माणसं इतकी शहाणी भेटली. त्यानंतर बाई कोणाशी बोलल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. मी म्हटलं, एका मालिकेसाठी एवढं काय? भाऊंनी मला अंगणात नेलं.

"साहेब, भूत गेलं त्याचं मले काई नाई. पण आता ह्या दोघी बोलतीन कशावर? कावळ्यावर?"

मला एकदम लक्षात आलं आणि माझंही जेवण गेलं. त्या पाटावरच्या फोनची मलाही सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. धाकटीचा आवाज खरखरत आला. लाईट नाही, काल काही दिसलं नाही, काय झालं? बाई फोनकडे पाहत राहिल्या. भाऊ दारात थांबले.

"काल?" बाई म्हणाल्या. "काल काई खास नाई झालं. दीर पोलिसाच्या हातून सटकला."

आणि मालिका पुढे सुरू झाली.

तो पाऊसभर बाईंनी ती एकटीने चालवली. रोज सकाळी तुळस पुसता पुसता त्या आजचा भाग जुळवत. दीर आधी मोहर्लीला पळाला आणि पर्यटकांच्या जिप्सीत लपून जंगलात गेला. तिथे पांढऱ्या साडीवाली त्याला आडवी आली, तर वाघच घाबरून झाडीत गेला. भुताचे पाय या वेळी उलटे होते, हे बाईंनी मुद्दाम सांगितलं. मग दीर वेश बदलून थर्मलमध्ये राखेच्या कामावर लागला. त्याला एक साथीदारही मिळाला, पुण्याचा, प्रयोगशाळेत काम करणारा, तिखट खाल्लं की डोळ्यांतून पाणी काढणारा. मी निषेध नोंदवला. बाई म्हणाल्या, ही गोष्ट कल्पनेची आहे. मी दोनतीन चांगली वळणं सुचवूनही पाहिली, एकदा तर जुळ्या बहिणीचं. पण त्यांनी सगळी परत केली. माझं भूत त्यांच्या मते शिकलेलं होतं.

मला खरं सांगायचं तर मूळ मालिकेपेक्षा ही चांगली होती. भाऊही आता बाहेर न जाता दारातच पाट टाकून बसू लागले.

पण पाऊस काय कायमचा असतो? पुलावरचं पाणी उतरलं. भाऊंनी कुठून तरी बातमी आणली की भामरागडला लाईट आली. त्या संध्याकाळी सात वाजता आम्ही टीव्हीसमोर बसलो, तर त्या वेळेला एक पाकक्रियेचा कार्यक्रम लागला होता. तिकडे धाकटीही हेच बघत असणार. बाईंचा चेहरा उतरला. इतके दिवस खोटं बोललो हे तिला कळलं, आता ती कायमची तोंड फिरवेल, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. फोन येणार नाही असं आम्ही तिघांनीही मनाशी धरलं होतं.

फोन आला. बाईंनी तो उचलायला नेहमीपेक्षा वेळ लावला.

"आज मी पाह्यलं," धाकटी म्हणाली.

बाईंनी फोन पाटावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

"आज तिची धाकटी बहीण आली ना विहिरीवर. काठावर उभी राह्यली. म्हणे, पाणी उतरलं, रस्ता मोकळा झाला. येऊ का?"

खोलीत पाककृतीवाली कांदा परतत होती, तेवढाच आवाज. बाई फोनजवळ सरकल्या.

"मंग तिनं काय म्हटलं?"

"ते उद्या दाखवतीन म्हणते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आजवर पाहिलेल्या कोणत्याच मालिकेचा भाग इतक्या बरोबर जागी तुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंनी सातची वाटच पाहिली नाही. भर दुपारी स्वतःच फोन लावला आणि एका दमात म्हणाल्या, "ये म्हटलं तिनं. असं दाखवलं. झिंगे घेऊन ये म्हटलं." आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला.

धाकटी आली ती आलापल्लीमार्गे, एसटीने, मांडीवर पिशवी घेऊन. बाईंपेक्षा बुटकी, पण आवाजात तोच दरारा. दारात दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता गळ्यात पडतील. बाई म्हणाल्या, "केस पिकले तुह्ये." धाकटी म्हणाली, "तुह्ये काय काळे हायेत?" एवढं बोलून दोघी आत गेल्या, बाईंनी खरा शेवट सांगितला आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातून त्या शेवटच्या भागाला शिव्या ऐकू येत राहिल्या. शेवट चुकीचा आहे यावर दोघींचं पूर्ण एकमत होतं. तेरवीशिवाय मुक्ती नाही. आणि ती त्या घरातले लोक करणार नव्हते.

"तिचं माहेर दाखवलंच नाई कधी," धाकटी म्हणाली.

"मंग माहेर आपण," बाई म्हणाल्या.

अशी पडद्यावरच्या भुताची तेरवी आमच्या अंगणात झाली. वडे, भात, कढी, आणि ताटाच्या कडेला परतलेले झिंगे. भाऊंनी अंघोळ करून कोरं धोतर नेसलं. मला सुतकातल्या नातेवाइकासारखा चेहरा ठेवायची ताकीद होती आणि भूक लागल्यामुळे तो जमलाही. कावळ्याचं पान बाईंनी आपल्या हाताने वाढलं. भाताच्या मुदीवर वडा ठेवला. मग त्या थांबल्या. धाकटीकडे न बघता त्यांनी एक झिंगा उचलला आणि मुदीला टेकवून ठेवला.

पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवून आम्ही मागे सरलो. कावळा विजेच्या खांबावर होता. मान वाकडी करून बघत राहिला. दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, आणि तिथे कोणाची तेरवी चालली आहे हे मला तेव्हा नीट कळलं. भाऊंनी टोपी काढून हातात घेतली. कावळा उतरला. पानाभोवती एक फेरी मारली, झिंगा चोचीत धरला आणि थर्मलच्या धुराड्यांकडे उडून गेला.

मग बाईंनी पदराने डोळे पुसले.

"शिवला," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी. धाकटीने हळूच बाईंचा हात धरला, भिंतीवरच्या पानाकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"नाई, बाई. भाताले चोच नाई लागली. झिंगाच नेला."

"तुले दिसत नाई का? शिवला म्हणतो ना मी."

"कुठी शिवला? आपल्या डोळ्यानं पाह्यलं मी."

"तुह्ये डोळे कधी धड होते?"

दोघींचे हात एकमेकींच्या हातात तसेच होते आणि आवाज चढत चालले होते. इकडे ताटं वाढलेली, वड्यांचा वास सुटलेला. मी भाऊंना हळूच विचारलं, की आता बसायचं का जेवायला.

भाऊ दोघींकडे बघत होते. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "जाहिरात लागू द्या."